रकाना नाही, म्हणून प्रश्न उद्भवत नाही

“सिस्टर, तारांकित आलाय.”

तेहतीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी सहा-सात वेळा ऐकलं असेल. दर वेळी दुपार टळल्यावर, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या क्लार्कच्या तोंडून, आणि पाठोपाठ, “आजच्या आज माहिती पायजे, जिल्ह्याची गाडी थांबलीय.” तारांकित म्हणजे सभागृहात मंत्र्यांना विचारलेला प्रश्न. पहिल्या खेपेला तो काय असतो, कोण विचारतं, कुठे विचारतं, काहीच ठाऊक नव्हतं. मला वाटलं कसली तरी साथ आली. मी ब्लीचिंग पावडर किती शिल्लक आहे ते बघायला आत गेले होते.

मी आरोग्यसेविका होते. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडचा आदिवासी पट्टा, एक उपकेंद्र आणि त्याखालचे अकरा पाडे. १९८८ ला लागले, मे २०२१ ला सुटले. आता नाशकात मुलाकडे असते. भजनी मंडळात जाते, गुडघ्याचे व्यायाम करते, आणि संसदेचं नाहीतर विधिमंडळाचं अधिवेशन चालू असलं की टॅब उघडून प्रश्नोत्तराचा तास बघते. संध्याकाळी त्याच उत्तरांच्या पीडीएफ वाचते. “आई, तुमची सिरियल लागली,” असं सूनबाई स्वयंपाकघरातून ओरडते. लोक चार महिने मिक्सर वापरतात आणि लांबलचक अभिप्राय लिहितात. मी ही सेवा चार वर्षांवर वापरतेय, तर माझाही लिहायचा हक्क आहे.

पाचपैकी साडेतीन तारे. दीड कुठे कापला ते पुढे येईल, पण ओळीने येणार नाही.

आधी मिळतं काय ते. लोकसभेत हा तास सकाळी ११ ते १२, राज्यसभेत दुपारी १२ ते १. राज्यसभेचाही पूर्वी ११ लाच असायचा, २०१४ मध्ये तो बारावर गेला, त्यामुळे माझ्यासारखीला एकामागोमाग एक दोन्ही बघता येतात. खात्यांचे वार ठरलेले असतात. आरोग्य लोकसभेत शुक्रवारी, राज्यसभेत मंगळवारी. लोकसभेत महिला आणि बालविकासही शुक्रवारीच. म्हणून शुक्रवार हा माझा बाजाराचा दिवस. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात, राज्यसभेत १५ आणि १६०. तारांकितला मंत्री उभं राहून उत्तर देतात, त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकितचं उत्तर नुसतं कागदावर. आणि वीस तारांकित लागले म्हणजे वीस होतात असं नाही. पाच-सहा झाले की तास संपतो, उरलेल्यांची उत्तरं पटलावर ठेवली असं धरायचं. नोव्हेंबर २०१९ मध्ये एका दिवशी लोकसभेत वीसच्या वीस झाले, तर त्याची बातमी झाली, १९७२ नंतर पहिल्यांदाच म्हणून.

अर्धा तारा इथेच गेला.

पण पीडीएफचं काम झकास आहे. संसदेच्या संकेतस्थळावर मंत्रालय निवडायचं, सदस्याचं नाव किंवा विषयातला एखादा शब्द टाकायचा, अधिवेशन निवडायचं, की प्रश्न आणि उत्तर दोन्ही समोर. इंग्रजीत आणि हिंदीत. माझं इंग्रजी औषधांच्या बाटल्यांपुरतं, म्हणून मी हिंदी उघडते. दोन महिन्यांत ‘मानदेय’, ‘विचाराधीन’, ‘सभा पटल पर रख दिया गया है’ हे सगळं अंगवळणी पडलं. खरा माल नेहमी शेवटच्या पानावर असतो, परिशिष्टात. राज्यवार तक्ता. महाराष्ट्र कुठल्या ओळीत येतो ते मला आता न बघता सापडतं.

विधिमंडळाची मजा वेगळी. तिथला मजकूर मराठी, आणि तो मराठी असा की एकदा वाचला की आयुष्यभर पुरतो. सुरुवात कायम एकच, “सन्माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय”. मग एक, “अमुक ठिकाणी तमुक झाल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय”. दोन, “असल्यास, याप्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय”. तीन, “असल्यास, चौकशीत काय आढळून आले”. आणि चार, “नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?” उत्तरं त्याहून आखीव. “हे खरे आहे”, “हे अंशतः खरे आहे” आणि सगळ्यात लाडकं, “(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.” मी दिवसाची यादी उघडते आणि पहिल्या पानापासून वाचत सुटते. आमच्याकडे दारावर भांडीवाली आली की आई जुन्या साड्या अशाच एकेक उलटून बघायची, कुठे विरलीय ते.

आता माझा पहिला तारांकित. तो नीट आठवतो, कारण त्यात माझं पोर होतं. माझं म्हणजे माझ्या रजिस्टरमधलं.

श्रावणात गेलं ते. सात महिन्यांचं, वजन ४ किलो १०० ग्रॅम. आई द्राक्षाच्या कामाला निफाडकडे गेली होती, तिकडेच मळ्यावर बाळंत झाली. पाड्यावर परतली तेव्हा मला कळलं, तेव्हा नोंद केली. त्या दिवशी ताणकाट्याला लावलं तर झोळीत काही आहे की नाही असं वाटावं इतकं हलकं. शेवटचे चार दिवस खोकला. भगताकडे नेलं, परत आणलं, तोवर पाऊस लागला होता आणि नदी फरशी पुलावरून वाहत होती. मी पलीकडच्या आळीतून वळसा घालून पोचले. श्वास मोजले, मिनिटाला ७२. बरगड्यांखालचा खळगा आत ओढला जात होता. पहाटे गेलं.

मृत्यूच्या नोंदीत कारणाचा एक रकाना असतो. बोटभर रुंद. मी लिहिलं ‘न्यूमोनिया’. खोटं नव्हतं, श्वास मीच मोजले होते. त्या रकान्यात ४ किलो १०० मावत नाही, निफाड मावत नाही, फरशीवरचं पाणी मावत नाही.

डिसेंबरात नागपूरला अधिवेशन लागलं आणि आमच्या तालुक्यातल्या बालमृत्यूंवर तारांकित आला. कुपोषणामुळे बालके दगावली, हे खरे आहे काय. डॉक्टरसाहेबांनी माझं रजिस्टर टेबलावर पसरलं आणि कारणाच्या रकान्यावरून बोट खाली आणत मोजायला लागले. न्यूमोनिया तीन. जुलाब दोन. कमी दिवसांचं एक. सर्पदंश एक.

“कुपोषण कुठंय, सिस्टर?”

“तसा रकाना नाही, साहेब.”

“मग झालं तर.”

साहेब वाईट माणूस नव्हते. याच पोरांसाठी त्यांनी स्वतःच्या मोटारसायकलवर सलाईनच्या बाटल्या वाहिल्या होत्या. पण गाडी खाली थांबली होती, ड्रायव्हरचा दुसरा चहा झाला होता, आणि विचारलं होतं तेवढंच सांगायचं होतं. क्लार्कने कार्बन लावून टाईप केलं. त्यातली एक प्रत त्याने मला वाचून दाखवली. हे खरे नाही, सदर बालकांचा मृत्यू कुपोषणामुळे नसून न्यूमोनिया, अतिसार इत्यादी आजारांमुळे झाला आहे. आणि पुढचे तीन भाग? “उद्भवत नाही,” क्लार्क म्हणाला आणि कागद मशीनमधून ओढला.

त्यानंतर मी जेव्हा जेव्हा असं उत्तर वाचलं, मग ते मेळघाटचं असो की नंदुरबारचं, मला तो कार्बनचा वास येतो.

खरं म्हणजे हा तास मी बघायला लागले २०२१ मुळे. एप्रिलमध्ये मी लसीकरणाच्या ड्युटीवर होते, निवृत्तीला महिना उरला होता. २१ एप्रिलला नाशकात महापालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली, दाब पडला आणि २२ माणसं गेली. ते सगळ्या देशाला माहीत आहे. त्याच आठवड्यात माझा मावसभाऊ एका खासगी दवाखान्यात होता. त्याचा मुलगा अंबडला सिलिंडरसाठी रात्रभर रांगेत उभा राहिला, सकाळी सिलिंडर घेऊन आला तेव्हा खालीच थांबवलं. दाखल्यावर लिहिलं होतं कोविड-१९ न्यूमोनिया आणि श्वसनक्रिया निकामी. ते वाचून मी दाखला घडी घालून परत दिला. बोलण्यासारखं काही नव्हतं. अशी कारणं मीच आयुष्यभर लिहिली होती.

२० जुलैला राज्यसभेत लेखी उत्तर आलं. काँग्रेसचे के. सी. वेणुगोपाल यांचा प्रश्न होता आणि उत्तर होतं तेव्हाच्या आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांचं. त्या दिंडोरीच्या खासदार होत्या, म्हणजे माझ्या नोकरीच्या पट्ट्याच्याच. आरोग्य हा राज्यांचा विषय, मृत्यूची नोंद कशी करायची याच्या सूचना दिलेल्या आहेत, राज्यं त्याप्रमाणे आकडे पाठवतात, मात्र ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचं राज्यांनी विशेषत्वाने कळवलेलं नाही. टीव्हीवर नुसता गदारोळ. मुलगा चिडून उठला, म्हणाला, “धडधडीत खोटं बोलतात.” मी म्हटलं, “नाही रे. रकाना नाहीये.”

तो माझ्याकडे असा बघायला लागला की मीच मंत्री आहे.

बाजू घेत नव्हते मी. त्या उत्तराने माझ्याही पोटात खड्डा पडला. पण ते कसं तयार झालं असेल ते मला जसंच्या तसं दिसत होतं. दिल्लीने राज्यांना विचारलं, राज्यांनी जिल्ह्यांना, जिल्ह्यांनी दवाखान्यांना, आणि सगळ्यात खाली कुणीतरी बोट खाली आणत मोजलं आणि म्हणालं, असा रकाना नाही. त्याच्या आदल्या वर्षीचंही आठवा. सप्टेंबर २०२० मध्ये, टाळेबंदीत घरी चालत निघालेले किती मजूर वाटेत मेले असं विचारल्यावर कामगार मंत्रालयाचं उत्तर होतं की अशी माहिती ठेवली जात नाही. त्या अधिवेशनात तर प्रश्नोत्तराचा तासच रद्द होता, फक्त अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरं. म्हणजे ‘ठेवली जात नाही’वर ‘का ठेवली जात नाही’ हा उपप्रश्न विचारायला समोर कुणी उभंच नव्हतं.

या सेवेचा जीव त्या उपप्रश्नात आहे. छापील उत्तर खात्यातले बाबू लिहितात, ते आठवडाभर घासूनपुसून आलेलं असतं. उपप्रश्नाला मंत्र्यांना स्वतः उभं राहावं लागतं. थेट प्रक्षेपण बघायचं ते यासाठीच. अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून चिठ्ठी येते, मंत्री ती उलटी धरतात, सुलटी करतात, आणि मग चार ठरलेल्या वाक्यांपैकी एक येतं. मुंबई-नागपूरला सगळ्यात जास्त चालणारं म्हणजे “शासन याबाबत सकारात्मक आहे”. आमच्यात पॉझिटिव्ह आलं की औषध सुरू होतं. तिथे सकारात्मक आलं की सदस्य खाली बसतो. मंत्र्यांची तयारीच नसली तर अध्यक्ष प्रश्न राखून ठेवतात, आणि तेव्हा सभागृहात जी कुजबुज होते ती मला कुठल्याही मालिकेहून प्रिय आहे. केंद्रात “माहिती गोळा केली जात आहे” म्हटलं तर ते आश्वासन धरलं जातं, तीन महिन्यांत पुरं करायचं असतं, आणि त्याचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती असते. हे मला साठीला आल्यावर कळलं. नोकरीत कळलं असतं तर गाडीच्या ड्रायव्हरला तिसरा चहा दिला असता.

आणखी एक तारा कापलाय तो मंत्र्यांच्या गर्दीपायी. माझ्या पाड्यावरचं एक लेकरू घ्या. त्याच्या आईचं बाळंतपण आरोग्य केंद्रात, ते सार्वजनिक आरोग्य. तिला गरोदरपणी एक वेळचं गरम जेवण अमृत आहारातून, योजना आदिवासी विकासची आणि शिजवणारी अंगणवाडी, म्हणजे महिला व बालविकास. लेकराचं वजनही अंगणवाडीत. मोठं होऊन आश्रमशाळेत गेलं की परत आदिवासी विकास. गंभीर झालं आणि सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं की वैद्यकीय शिक्षण. शहरात महापालिकेच्या दवाखान्यात नेलं तर नगरविकास. आजारी एकच, खाती पाच. आमदाराने एका मंत्र्याला विचारलं की तो बाब आपल्या खात्याशी संबंधित नसल्याचं सांगून मोकळा. त्यात वर केंद्राचं पालुपद, आरोग्य राज्याचा विषय, आणि राज्याचं पालुपद, केंद्राकडे प्रस्ताव पाठवला आहे. अंगणात दोन जावा एकमेकींकडे बोट दाखवतात आणि मधल्या मध्ये दूध उतू जातं, तसं.

तरी साडेतीन तारे दिलेत, आणि ते उगीच नाही दिले. कारण ज्याला विचारता येतं त्याच्या प्रश्नाला आकडा मिळतो, आणि आकडा छापला गेला की तो सहजी परत घेता येत नाही. असा सदस्य ‘हे खरे आहे काय’वर जीव टाकत नाही. तो विचारतो मंजूर पदं किती, भरलेली किती, रिक्त किती, अमुक तारखेला. ज्या दिवशी असा तक्ता हातात येतो त्या दिवशी मी सुनेला चहा करून देते.

आमच्या मृणालताई गोरे बाहेर पाण्यासाठी हंडे घेऊन बसायच्या, म्हणून लोक त्यांना पाणीवाली बाई म्हणून ओळखतात. पण गर्भलिंग चाचणीवर बंदी यावी म्हणून विधानसभेत अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचं, विधेयक मांडलं ते त्यांनी. १९८८ ला महाराष्ट्राने कायदा केला, देशात पहिला. केंद्राचा कायदा यायला १९९४ उजाडलं. १९८८ हेच माझं नोकरीचं पहिलं वर्ष. तेव्हा आम्हाला त्याची एक घडीपत्रिका वाटायला दिली होती आणि आमच्या पाड्यांपासून सोनोग्राफीचं मशीन साठ किलोमीटरवर होतं. आम्ही ती इमानेइतबारे वाटली.

उत्तरातला आकडा खाली कसा उतरतो ते आशा ताईंच्या बाबतीत बघितलं. २०२३ च्या डिसेंबरात मी त्यांच्याबरोबर नागपूरला मोर्चाला गेले होते, निवृत्त माणूस म्हणून, पाण्याच्या बाटल्या धरायला. यशवंत स्टेडियमपासून निघालो, मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटला अडवलं. रस्त्यावर बसल्या बसल्या एकीने मोबाइलवर सभागृहाचं थेट प्रक्षेपण लावलं. विधानभवन तिथून हाकेच्या अंतरावर, आणि आम्ही आत काय चाललंय ते मांडीवरच्या चार इंचांत बघतोय. गर्दीने नेटवर्क अडकायचं, सन्माननीय सदस्य तोंड उघडं ठेवून थिजायचे, बायका हसायच्या. राज्याच्या ५००० रुपये वाढीचा शासन निर्णय मार्च २०२४ ला निघाला, तोही आझाद मैदानावर आणखी बसल्यावर. केंद्राकडून नियमित कामांचे महिन्याला २००० मिळायचे ते ३५०० करायचं ठरलं मार्च २०२५ मध्ये. माझ्या ओळखीच्या गटप्रवर्तक, म्हणजे आशांचं काम बघणाऱ्या बाईंना ते कळलं जुलैमध्ये, लोकसभेतल्या उत्तराची पीडीएफ मी त्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवली तेव्हा. केंद्रातल्या आरोग्य राज्यमंत्र्यांपैकी एक आता बुलढाण्याचे प्रतापराव जाधव आहेत. हे राज्यमंत्रिपद आपल्याकडे येतं खरं, पण पीडीएफ मराठीत येत नाही.

उलट उदाहरणंही तिथेच सापडतात. अंगणवाडी सेविकेचं केंद्राने ठरवलेलं मानधन ऑक्टोबर २०१८ मध्ये ३००० चं ४५०० झालं. वाढ कधी असं कुणी ना कुणी विचारतच असतं, आणि उत्तरात आधी त्या ‘मानद’ कार्यकर्त्या असल्याची आठवण करून दिली जाते. म्हाताऱ्यांच्या पेन्शनमधला केंद्राचा वाटा साठ ते एकोणऐंशी वयाला २०० रुपये आहे, हा आकडा २००७ पासून तोच. ऐंशी पूर्ण केली तर ५००. यावरचे वेगवेगळ्या पक्षांच्या खासदारांचे प्रश्न मी एकाखाली एक ठेवून वाचले. विचारणारे बदलले, मंत्री बदलले, २०० बदलले नाहीत.

ही २०० रुपयांवाली पीडीएफ एकदा माझ्या कामी आली, जरा आडमार्गाने. आमच्या इमारतीमागच्या चाळीत एक आजी आहेत, त्यांचं श्रावणबाळ योजनेचं पेन्शन बंद पडलं. महिन्याला १५०० येतात. त्यासाठी कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत लागतं, म्हणजे महिन्याला १७५०. एवढ्यात कुटुंब जगतं कसं आणि त्याचा दाखला सही करणारा डोळे कुठे ठेवतो, ही दोन्ही कोडी मी सोडून दिलीत. आजी तीनदा कचेरीत जाऊन आल्या. दर वेळी एकच, “केंद्राचे पैसे आले नाहीत, आजी.”

चौथ्यांदा मी गेले. उत्तराच्या परिशिष्टाची छापील प्रत काढून नेली होती, महाराष्ट्राच्या ओळीखाली लाल पेनने रेघ मारून. काउंटरवरच्या पोराने ती घेतली, पहिलं पान वाचलं, शेवटचं वाचलं, परत पहिलं.

“मॅडम, तुम्ही कुठल्या पेपरच्या?”

“पेपरची नाही. उपकेंद्राची.”

काय समजला कुणास ठाऊक. उठला, आतल्या टेबलावरच्या बाईंना कागद दाखवला, आणि मग पहिल्यांदाच आजींचं नाव कॉम्प्युटरवर घातलं. पैसे केंद्राने अडवलेच नव्हते. डिसेंबर २०२४ पासून हे पैसे थेट खात्यात जायला लागले, आणि आजींचं खातं आधारशी जोडलेलंच नव्हतं. बँकेत जाऊन अंगठा दिला. बोटांचे ठसे घासून गेलेले, तीन बोटं झाल्यावर करंगळी लागली. पुढच्या महिन्यात तीन महिन्यांचे साडेचार हजार एकदम आले. आजींना वाटतं मी दिल्लीहून आणले.

म्हणजे त्या पीडीएफमध्ये आजींच्या आधारबद्दल एक अक्षर नव्हतं. तिने फक्त एका माणसाला खुर्चीवरून उठवलं. साडेतीनमधला पूर्ण एक तारा त्या उठण्याचा आहे.

कुणाला वापरायचीच असेल तर एवढं सांगेन, आधी परिशिष्ट उघडा, मग उत्तर वाचा, आणि प्रश्न सगळ्यात शेवटी. मग लक्षात येतं की काय विचारायला हवं होतं. हे वाचून वाचून मला खुमखुमी आली, आणि गेल्या पावसाळ्यात मी स्वतःच एक प्रश्न लिहिला. जुन्या तालुक्यातल्या आमदारांच्या पीएकडे दिला. विषय, पाच वर्षांखालच्या दगावलेल्या प्रत्येक मुलाचं शेवटचं नोंदवलेलं वजन किती होतं आणि ते कुठल्या तारखेचं. आकडे आहेत, अंगणवाडीच्या वहीत आहेत. मृत्यूच्या नोंदीशेजारी ते कुणी ठेवत नाही इतकंच.

पीए पोरगा हुशार. वाचलं आणि म्हणाला, “सिस्टर, हे असं नाही चालत. सुरुवात ‘हे खरे आहे काय’नेच करायची. नमुनाच तसा आहे.”

“अरे, पण तसं विचारलं की ते खरे नाही म्हणतील आणि खालचं सगळं उडवतील.”

त्याने पेनचं टोपण चावलं. मग त्याने पहिल्या भागात लिहिलं, “तालुक्यात सन २०२४-२५ मध्ये पाच वर्षांखालील बालकांचे मृत्यू झाले, हे खरे आहे काय”. एवढंच. कुपोषण नाही, हलगर्जी नाही, कसलंच विशेषण नाही. “याला ते नाही म्हणूच शकत नाहीत,” तो म्हणाला. वजनाचं दुसऱ्या भागात घातलं आणि विलंबाची कारणं शेवटी, नेहमीच्या जागी.

मी घरी येऊन सुनेला सांगितलं. ती म्हणाली, “आई, आता तिकडे कुणा सिस्टरला दुपारी फोन जाणार.”

ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या जागेवर आता जी मुलगी आहे ती कंत्राटी आहे, लग्न ठरलंय तिचं. मी तिला फोन करून सांगितलं, अंगणवाडीच्या वजनाच्या वह्या आधीच मागवून ठेव. आणि ड्रायव्हरला चहा विचार.